नकलनवीसाचा दोष

एम.ए.च्या वर्गात आमच्या शेजारच्या बाकावर बसणारा एक मित्र आज एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आम्ही मात्र पदवी पदरात पडल्यावर संगणकाचा एक अभ्यासक्रम केला आणि पोटापाण्यासाठी त्या वाटेने गेलो ते गेलोच. वर्षा-दोन वर्षांनी भेट झाली की हा मित्र न चुकता विचारी, "अरे, पण तू तिथं नेमकं करतोस तरी काय?" पुष्कळ वर्षे आम्ही या प्रश्नाला बगल दिली. पगार बरा मिळतो, रात्रीची जागरणे फार होतात, एवढे सांगून विषय बदलत असू. एकदा मात्र उत्तर सुचले. आम्ही म्हणालो, "आम्ही नकलनवीस आहोत. मुळाची नक्कल करतो."

मित्र हसला. त्या वर्षी त्याच्याकडे पाठचिकित्सेचा पेपर होता. तो म्हणाला, "मग पोथीच्या शेवटची विनवणी तुला ठाऊक असेलच." जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस नकलकार एक ठरावीक मजकूर लिहीत असे. त्याचा आशय असा, की समोर जशी प्रत होती तशी मी उतरवली आहे. ती शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. वर्गात हा मजकूर आम्हीही ऐकला होता. तेव्हा तो विनयाचा एक साचा वाटला होता. पुढे एका रविवारी त्याच विनवणीच्या आडोशाला आम्ही स्वतः उभे राहिलो, आणि तो आडोसा किती तोकडा आहे ते कळले. त्या रविवाराविषयी लिहायचे आहे, पण त्याआधी आमच्या व्यवसायाची थोडी ओळख करून देणे भाग आहे.

कोणत्याही मोठ्या संस्थेच्या संगणकप्रणालीची निदान तीन घरे असतात. पहिल्या घरात प्रोग्रामर मंडळी नवे प्रोग्राम लिहितात. त्याला डेव्हलपमेंट म्हणतात. दुसऱ्या घरात त्या प्रोग्रामांची परीक्षा होते, ते टेस्टिंग. तिसऱ्या घरात खरा व्यवहार चालतो. तिथले ग्राहक खरे, पैसे खरे, थकलेले हप्तेही खरे. या तिसऱ्या घराला प्रॉडक्शन असे नाव आहे. कांदिवलीत वाढलेल्या माणसाला प्रॉडक्शन म्हटले की आकुर्ली रस्त्यावरचा महिंद्राचा कारखाना आठवतो. आमच्या प्रॉडक्शनमध्ये मात्र डोळ्यांना दिसेल असे काही तयार होत नाही. माणसांच्या आयुष्यात जे घडते त्याची नोंद तिथे होत राहते, इतकेच.

या तीन घरांमधली वाहतूक दुहेरी असली तरी तिचे नियम कडक आहेत. प्रोग्राम पहिल्या घराकडून तिसऱ्याकडे जातात, उलट कधी जात नाहीत. माहिती तिसऱ्या घराकडून मागे येते, तीही उलट कधी जात नाही. चाचणीसाठी तयार केलेला एखादा खोटा ग्राहक खऱ्यांच्या यादीत शिरला, तर पाठचिकित्सेच्या भाषेत तो प्रक्षेप ठरेल, आणि तो वेचून काढणे पोथीतली प्रक्षिप्त ओवी शोधण्याइतकेच किचकट होऊन बसेल. मागच्या घरांतली माहिती काही महिन्यांनी शिळी होते. मग प्रॉडक्शनची ताजी प्रत आणून ती जुनीच्या जागी बसवतात. या क्रियेला धंद्यात रिफ्रेश म्हणतात. शब्द सरबताच्या जाहिरातीतला वाटतो, पण काम शनिवारी रात्री सुरू होऊन सोमवारी पहाटे संपणारे असते, आणि ते करणाऱ्याच्या चेहऱ्यावर ताजेपणाचा लवलेश उरत नाही.

चाचणीपुरती माहिती कल्पनेने तयार करता येत नाही का, असा प्रश्न साहित्याच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. करता येते, आणि करतातही. परंतु प्रोग्रामरची कल्पनाशक्ती ही फार दरिद्री चीज असते. त्याने कल्पिलेल्या ग्राहकाचे नाव 'टेस्ट टेस्ट' किंवा 'अबक' असते. तो १ जानेवारी १९८० रोजी जन्मलेला असतो, मुंबईत राहतो, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरतो. अशा आदर्श नागरिकांवर चालवलेला प्रोग्राम कधीच अडखळत नाही. अडखळतो तो खऱ्या माणसांशी गाठ पडल्यावर. खऱ्या माणसाला आडनाव नसते, किंवा लग्नानंतरची दोन असतात. खऱ्या माणसाचा पत्ता तीन ओळींत मावत नाही, कारण त्यात सेक्टर, प्लॉट, सोसायटी आणि समोरच्या देवळाची खूण अशा सगळ्यांना जागा हवी असते. आमची कांदिवलीच घ्या. रोमन लिपीत तिचे नाव लिहिताना कोणी मधला 'ए' घालतो, कोणी गाळतो, कोणी शेवटी 'आय'च्या जागी दोन 'ई' लिहितो. पश्चिमेचा पिन क्रमांक ४०००६७ आणि पूर्वेचा ४००१०१, पण रेल्वेचे रूळ ओलांडून राहायला गेलेला माणूस नवा पत्ता जुन्या पिनसकट देऊन मोकळा होतो. एवढे सगळे टेबलाशी बसून कोणाला सुचणार?

सर्वांत बोलके उदाहरण १ जूनचे आहे. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या, महाराष्ट्राबाहेरून आलेल्या एका मुलाने एकदा घाबऱ्या घाबऱ्या येऊन सांगितले, की प्रत बिघडली आहे, कारण हजारो ग्राहकांची जन्मतारीख एकच दिसते आहे. आम्ही पाहिले. तारीख १ जून होती. प्रत शुद्ध होती. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने वर्ष ठरवावे आणि शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून तारीख १ जून लिहून टाकावी, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. खेड्यापाड्यांतल्या दोन-तीन पिढ्यांचा वाढदिवस असा एका दिवसावर येऊन थांबला आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी राज्यातल्या कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. निवृत्तीची रक्कम हिशेबात घेणाऱ्या प्रोग्रामवर त्या सुमारास किती भार पडेल, हे कल्पित ग्राहकांवरून कळणे अशक्य आहे. वास्तववादी कादंबरीकार कल्पना सोडून निरीक्षणाकडे का वळतो याचे उत्तर आम्हांला परीक्षेच्या पुस्तकांत सापडले होते, पण पटले ते इथे. जे घडते ते सुचण्यापलीकडचे असते, म्हणून घडलेल्याची नक्कल करावी लागते.

नक्कल करतानाही एक पथ्य असते. प्रॉडक्शनमध्ये पूर्ण झालेले प्रोग्राम तेवढे असतात. ते कसे लिहिले गेले, किती वेळा खोडले गेले, याचा इतिहास डेव्हलपमेंटच्या घरात असतो. तिथे मुळाची संपूर्ण प्रत आणून आदळली तर अर्धवट लिहिलेले प्रोग्राम आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या पुसल्या जातात. कवीचा संग्रह छापून झाला म्हणून त्याच्या खर्ड्यांच्या वह्या कोणी रद्दीत घालत नाही, तसेच हे. म्हणून साधारण रिवाज असा, की टेस्टिंगच्या घरात पूर्ण प्रत उतरवायची आणि डेव्हलपमेंटमध्ये त्यातले निवडक काही न्यायचे. प्रत उतरवण्याचे काम फारसे अवघड नाही. अवघड असते ते त्यानंतरचे. नकलेला आपण नक्कल आहोत हे ठाऊक नसते. मुळाचे नाव, मुळाच्या ओळखी, मुळाला छापखान्याचे, टपालाचे आणि निरोपांचे जे पत्ते माहीत असतात ते सगळे तिच्यात जसेच्या तसे उतरलेले असतात. इतकेच काय, 'रोज पहाटे हे कर, महिनाअखेरीस ते कर' अशी मुळाला लावून दिलेली कामेही तिच्या पोटात असतात. ती डोळे उघडते आणि आपण मूळच आहोत अशा समजुतीने कामाला लागते. म्हणून तिला जागे करण्यापूर्वी तिचे हात बांधून ठेवायचे असतात. त्यासाठी एक यादी असते. प्रत्येक ओळ झाली की तिच्यापुढे खूण करायची.

ही २०१४ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही एका वित्तसंस्थेच्या संगणकखात्यात होतो. जानेवारीअखेरीच्या एका शनिवारी रात्री आम्ही प्रत उतरवायला बसलो. प्रत नोव्हेंबरअखेरची होती. पहाटे तीनच्या सुमारास यादीतल्या दोन ओळींचा क्रम आमच्या हातून उलटा झाला. निरोपांचा पत्ता बदलण्याच्या आधी आम्ही प्रणाली जागी केली. पाच-सहा मिनिटांत चूक ध्यानात आली आणि पत्ता बदलला, पण तेवढ्या वेळात नकलेने आपले नित्यकर्म उरकले होते. नोव्हेंबरात झोपलेली ती बिचारी जानेवारीत जागी झाली होती. तिच्या हिशेबाने डिसेंबरचा आणि जानेवारीचा हप्ता कोणीच भरलेला नव्हता. तिने प्रामाणिकपणे थकबाकीदारांची यादी केली आणि काहीशे लोकांच्या मोबाइलवर निरोप धाडले.

सकाळी आम्ही चारकोपला घरी परतलो. चारकोपची ही वस्ती १९८५ साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याच्या योजनेतली. म्हाडाने लहान लहान भूखंड आखून रस्ते, पाणी, गटारे यांची सोय करून दिली आणि घरे ज्याची त्याने बांधली. आमच्या ओळीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत, त्यामुळे शेजारच्या घरी खोकल्याची उबळ आली तरी कळते. आंघोळ करून झोपायच्या बेतात होतो, इतक्यात शेजारच्या काकू दारात उभ्या राहिल्या. काका दसऱ्याच्या सुमारास गेले होते. त्यांचाच मोबाइल काकू वापरीत असत. तो पुढे करून त्या म्हणाल्या, "हे बघ रे जरा. इंग्रजीत आलंय. यांच्या नावानं आलंय."

निरोप आमच्या ओळखीचा होता. त्याचा मसुदा दोन वर्षांपूर्वी आम्हीच तपासून दिला होता. काकांचे पूर्ण नाव, दोन हप्ते थकल्याची सूचना, सात दिवसांची मुदत आणि पुढील कारवाईचा इशारा. घराच्या दुरुस्तीसाठी काकांनी घेतलेले कर्ज काकूंनी विम्याच्या पैशांतून डिसेंबरात फेडले होते, हे आम्हांला माहीत होते, कारण ते अर्ज आम्हीच भरून दिले होते. काकूंच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला फेडीचा दाखलाही होता. त्या म्हणाल्या, "मी तर सगळं भरलंय ना? का अजून काही राहिलंय?"

त्या क्षणी सांगण्यासारखे एकच वाक्य होते: ही आमची चूक आहे. ते आम्ही उच्चारले नाही. आम्ही म्हणालो, "काकू, मशीनची गडबड झाली असेल. तुमचं सगळं भरलेलं आहे. लक्ष देऊ नका." यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य आम्हांला इतकी वर्षे खुपत राहिले. मशीनची गडबड, असे म्हणताना आम्ही पोथीच्या शेवटची तीच विनवणी करीत होतो. समोर होते तसे उतरले. दोष आमच्याकडे नसावा.

त्या दिवशी आणखी एक अपराध घडला. संध्याकाळी पुन्हा कामावर बसल्यावर आम्ही काकांचे खाते उघडून पाहिले. निमित्त असे सांगता येईल, की निरोप कोणाकोणाला गेले ते तपासणे आवश्यक होते. परंतु यादी तपासायला खाते उघडावे लागत नाही. प्रॉडक्शनमध्ये ते खाते उघडण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. तिथे कोण काय पाहतो याची नोंद राहते. नकलेच्या घरात मात्र सगळ्यांना सगळी दारे उघडी होती, कारण ती काय, चाचणीची माहिती! तिथे आम्हांला काकांविषयी एक गोष्ट दिसली. ती काकूंना ठाऊक आहे की नाही, हे आम्हांला आजही माहीत नाही. ती गोष्ट इथे लिहिणार नाही. ती आमची नव्हे. पुढे कित्येक महिने ओट्यावर काकूंशी बोलताना ती गोष्ट आमच्या दोघांमध्ये येऊन बसत असे, आणि ती तिथे आहे हे आम्हां एकट्यालाच दिसत असे.

सोमवारी कचेरीत रीतीप्रमाणे चौकशी झाली. सर्वांना दिलगिरीचा निरोप गेला. त्यातही 'तांत्रिक कारणामुळे' असे शब्द होते. कर्त्याला वाक्यातून अलगद उचलून बाजूला ठेवण्याची सोय मराठीत आहे तशी इंग्रजीतही आहे, आणि कचेऱ्या ती फार आवडीने वापरतात. यादीतल्या त्या दोन ओळींच्या मध्ये तांबड्या अक्षरांत एक सूचना आली. पुढे २०१८ साली १३ जानेवारीला हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. एक सराव चालू असताना खराच इशारा पाठवला गेला होता, आणि तो चुकीचा असल्याचा दुसरा निरोप पोहोचायला ३८ मिनिटे लागली. ती बातमी वाचताना आम्हांला पिशवीतला दाखला घेऊन उभ्या असलेल्या काकू दिसल्या. २०२३ साली आपल्या सरकारने मोबाइलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा निरोपातच लिहिलेले होते की ही चाचणी आहे, दुर्लक्ष करावे. नकलेने आपण नक्कल आहोत असे स्वतःच्या तोंडाने सांगितले, तर निम्मा अनर्थ टळतो.

त्या घटनेनंतर आमच्याकडे नावे बदलण्याची प्रथा आली. प्रत उतरली, की ती कोणाच्या हाती देण्यापूर्वी एक प्रोग्राम तिच्यातली नावे, फोन, पत्ते बदलून टाकतो. याला मास्किंग म्हणतात, मुखवटा चढवणे. ऐकायला सोपे वाटते, पण त्याचेही एक व्याकरण आहे. एका माणसाला दिलेले खोटे नाव त्याच्या प्रत्येक खात्यावर, पावतीवर आणि जामीनपत्रावर तेच राहिले पाहिजे, नाहीतर त्याचे एकसंध आयुष्य दहा परक्यांत वाटले जाते. स्त्रीचे नाव स्त्रीचे राहिले पाहिजे. बदललेला फोन क्रमांक दुसऱ्या कोणा खऱ्या माणसाचा निघता कामा नये. पहिल्याच खेपेला जन्मतारखा वर्षभर विखरून टाकल्या, आणि १ जूनची ती सगळी पिढी नाहीशी झाली. प्रत सुरक्षित झाली, पण महाराष्ट्राची राहिली नाही. किती बदलावे आणि किती राखावे हा तोल अजून कोणाला पुरता साधलेला नाही.

आणि नाव बदलले म्हणजे माणूस लपतो असेही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९०च्या दशकात सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांना उपलब्ध केल्या. लटान्या स्वीनी ही तेव्हाची विद्यार्थिनी. तिने केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, आणि जन्मतारीख, लिंग व पिन क्रमांक जुळवून राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना या तीन गोष्टींनीच ओळखता येईल, असा अंदाज तिने २००० साली मांडला. २००६ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात तो आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. कमी धरला तरी निम्म्याहून अधिक माणसे मुखवट्याआडून ओळखू येतात. मुखवटा चढवलेल्या पहिल्या प्रतीत एक नोंद सहज आमच्या नजरेसमोरून गेली. नाव निराळे, गाव निराळे, जन्मतारीख निराळी. पण कर्जाची रक्कम, ती घेतल्याचा महिना आणि मग अचानक थांबलेले हप्ते पाहून आम्ही काकांना ओळखले. आमच्या गल्लीतल्या कोणीही ओळखले असते.

पुढच्या भेटीत हे सगळे आम्ही मित्राला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हा तर आमचाच प्रश्न झाला." कादंबरीच्या पहिल्या पानावर 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' असे छापतात, आणि लेखकाच्या गावात ती कादंबरी पोहोचली की लोक पात्रांची खरी नावे समासात लिहून ठेवतात. मित्राने 'कळ्यांचे निःश्वास'ची आठवण काढली. १९३३ साली ते पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आले, तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींची त्यातली दुःखे खरी आहेत की नाहीत यापेक्षा ही लेखिका कोण, याचाच शोध महाराष्ट्राने अधिक उत्साहाने घेतला. पुढे मालती बेडेकर या नावाने ती लेखिका सर्वांना माहीत झाली. आम्ही म्हणालो, की तिथे मुखवटा लिहिणारीने घातला, आणि कारण उघड आहे. आयुष्याची नक्कल करण्याची किंमत त्या काळी तिलाच मोजावी लागली असती. आमच्या धंद्यात नकलनवीसाला कोणी ओळखत नाही. किंमत मोजतो तो ज्याची नक्कल झाली तो. मित्र म्हणाला, "लेखकांचंही बहुतेकदा तसंच असतं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना कोण विचारतं?"

त्यावर बराच वेळ वाद झाला. आमचे म्हणणे असे, की आता कायदाच विचारणार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. माणसाने संमती देऊन आपली माहिती ज्या कामासाठी दिली, ती त्या कामापुरती आणि लागेल तेवढीच वापरावी, हे त्यातले मुख्य सूत्र. काकांनी आपले नाव-गाव कर्जासाठी दिले होते. आमच्या प्रोग्रामची परीक्षा व्हावी म्हणून दिले नव्हते. मित्राचे म्हणणे असे, की कायदा आला म्हणून तुमची यादी लांबेल, तांबड्या ओळी वाढतील. पण ज्या गोष्टीने तुझी झोप उडाली ती यादीत कुठे आहे? आणि मग त्याने साधेपणाने विचारले, "त्या काकूंना तू सांगितलंस का?"

सांगितले नव्हते. इतकी वर्षे झाली होती, काकू ते विसरल्याही असतील, उगाच जुने उकरून काय साधणार, अशी उत्तरे आमच्याकडे तयार होती. ती देताना आमच्याच कानांना ती ओळखीची वाटली. पोथीच्या शेवटची विनवणी आम्ही पुन्हा एकदा नव्या शब्दांत उतरवत होतो. विचार केल्यावर असे वाटते, की त्या जुन्या नकलकाराची विनवणी त्याच्यापुरती खरी असावी. समोरची प्रत त्याने निवडलेली नव्हती, आणि त्याच्या पोथीतली माणसे त्याच्या दाराशी येऊन उभी राहणार नव्हती. आमच्या पोथीतली माणसे भिंतीपलीकडे राहत होती. नक्कल करणे गरजेचे होते, हे आम्ही आजही म्हणू. पण गरज होती एवढ्याने नकलनवीसाचा दोष फिटत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी आम्ही शेजारी गेलो. काकू आता थकल्या आहेत. सूनबाईंनी चहा ठेवला. आम्ही शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले, की काकांच्या नावाने एकदा जो निरोप आला होता, तो आमच्या हातच्या चुकीमुळे गेला होता, आणि त्या सकाळी ते आम्हांला कळलेलेही होते. काकांचे खाते उघडून पाहिल्याचेही सांगितले. जे पाहिले ते सांगितले नाही, आणि काकूंनीही ते विचारले नाही. या लेखात त्यांच्याविषयी लिहू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, लिही, पण नाव घालू नकोस. नाव घातलेले नाही. घराचे, कर्जाचे आणि तारखांचे काही तपशीलही बदलले आहेत, आणि आमच्या गल्लीतल्या कोणी हा लेख वाचला तर त्याला काय काय ओळखू येईल, याचा अंदाज घेऊन काही वाक्ये गाळलीही आहेत. तरीही मुखवटा पुरता बसला आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे सांगणे संपल्यावर काकू चहाच्या कपाकडे पाहत राहिल्या. त्या विसरल्या नव्हत्या. आम्ही 'लक्ष देऊ नका' असे म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसने बोरिवलीच्या शाखेत गेल्या होत्या. दाखल्याची झेरॉक्स आणली नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवले, ती काढून आणल्यावर दुसऱ्या रांगेत उभे राहायला सांगितले, आणि काही बाकी नाही असे साहेबांनी तोंडी सांगेपर्यंत दुपार टळली होती. घरी येईपर्यंत अन्नाचा कण पोटात नव्हता. हे त्यांनी तेव्हा आम्हांला सांगितले नव्हते. आम्ही नोकरीतून दमून येतो, आम्हांला कशाला त्रास, असे त्यांना वाटले होते.

कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगायचं होतंस ना. माझा हेलपाटा वाचला असता."